लागू पडलेले औषध निकामी का होते?

"पहिल्या दोन महिन्यांत गाठी विरघळल्या होत्या, मग पुन्हा कशा वाढल्या? औषध बनावट तर नव्हते?" कर्करोगाच्या रुग्णाचे नातेवाईक हा प्रश्न डॉक्टरांना हमखास विचारतात. कुणाला पथ्य चुकल्याची शंका येते, कुणी नशिबाला बोल लावतो, तर एखादी गृहिणी आपल्याच सेवेत कसूर झाली म्हणून मनातल्या मनात झुरते. खरे कारण बहुधा यांपैकी एकही नसते. ते असते रोगाच्या पेशींमध्ये.

हा प्रश्न चेन्नई शहराला नवा नाही. तो तेथे प्रथम पुढे आला तो क्षयरोगाच्या निमित्ताने.

मद्रासचा जुना धडा

1956 साली मद्रासमध्ये क्षयरोगाच्या औषधोपचारांवर संशोधन करणारे केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता. क्षयाच्या रुग्णाला सॅनेटोरियममध्येच ठेवले पाहिजे असे तेव्हा सगळे मानत. घरी राहून नियमित औषधे घेणारा गरीब रुग्णही तितकाच बरा होतो, हे या केंद्राने 1959 मध्ये दाखवून दिले.

याच केंद्राच्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट ठळक झाली. आयसोनियाझिड हे एकच औषध देण्यापेक्षा त्याच्या जोडीला दुसरे औषध दिले तर गुण अधिक येतो. कोट्यवधी जंतूंत एखाददुसरा जंतू मुळातच त्या औषधाला दाद न देणारा असतो. एकटे औषध बाकीच्यांना मारते आणि याला मोकळे रान मिळते. दोन्ही औषधांना पुरून उरणारा जंतू मात्र अतिशय दुर्मिळ.

विदर्भातल्या कापूस उत्पादकाला हे वेगळे सांगायला नको. बीटी कपाशीला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी 2017 साली शिवारात कशी पसरली, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. अळीने बीटीचे विष 'ओळखले' नव्हते. जी तगली तिचीच पिलावळ वाढली.

नेम धरून मारणारी गोळी

कर्करोगाच्या जुन्या औषधांचा मारा सरसकट असतो. त्यात रोगट पेशींबरोबर केसांच्या मुळांसारख्या निरोगी पेशीही भरडल्या जातात. पुढे शास्त्रज्ञांनी रोगट पेशीतला नेमका बिघाड शोधून तेवढ्यावरच नेम धरणारी औषधे तयार केली. त्यांना लक्ष्यवेधी औषधे म्हणतात. रक्ताच्या एका कर्करोगावरील इमॅटिनिब ही गोळी 2001 मध्ये बाजारात आली. तिच्या पेटंटचा अर्ज चेन्नईच्याच पेटंट कार्यालयाने 2006 मध्ये फेटाळला. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीचा दावा नाकारला आणि स्वस्त भारतीय गोळीचा मार्ग मोकळा राहिला. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या पुढाकाराने 1954 साली अड्यार भागात कॅन्सर इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि डॉ. व्ही. शांता यांनी आयुष्यभर तिची धुरा वाहिली. पैशाअभावी रुग्ण परत जाऊ नये, अशी या संस्थेची धारणा आहे. अशा ठिकाणी औषधाची किंमत किती, याला फार महत्त्व असते.

परंतु स्वस्त असो वा महाग, काही रुग्णांत ही गोळीही पुढे निकामी होते. औषध ज्या खोबणीत जाऊन बसते त्या खोबणीचा आकारच पेशी बदलते. कुलूप बदलल्यावर जुनी किल्ली लागायची कशी?

मेलॅनोमाचा चिवटपणा

मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात हा खेळ फार वेगाने चालतो. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींपासून तो उद्भवतो. गोऱ्या लोकांत तो बराच आढळतो, भारतात क्वचितच. 2002 मध्ये असे आढळले की, गोऱ्या लोकांतल्या सुमारे निम्म्या मेलॅनोमांत बीआरएएफ नावाच्या जनुकात बिघाड असतो. हे जनुक पेशीला 'वाढ' असा हुकूम पोहोचवणाऱ्या साखळीतली एक कडी असते. बिघाड झाला की दारावरच्या घंटेचे बटण आत अडकून बसल्यासारखे होते. घंटा थांबतच नाही.

हे बटण बंद करणाऱ्या व्हेम्युराफेनिब या गोळीला अमेरिकेत 2011 मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षी एका रुग्णाची तीन छायाचित्रे वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पहिल्यात अंगभर गाठी. पंधरा आठवड्यांनी काढलेल्या दुसऱ्यात त्वचा जवळजवळ स्वच्छ. तेविसाव्या आठवड्यातल्या तिसऱ्यात गाठी पुन्हा त्याच जागी हजर! ही छायाचित्रे पाहून डॉक्टरही हेलावले.

पेशीच्या पळवाटा

पेशी निसटते तरी कशी? त्याचे अनेक मार्ग शास्त्रज्ञांनी शोधून काढले आहेत. कधी पेशी बीआरएएफच्या इतक्या प्रती तयार करते की औषध अपुरे पडते. कधी त्याच प्रथिनाची तोकडी आवृत्ती बनवते आणि तिच्यावर औषधाचा परिणाम होत नाही. कधी साखळीतल्या आधीच्या किंवा पुढच्या कडीत बिघाड होतो आणि हुकूम औषधाला वळसा घालून पुढे जातो. वर सांगितलेल्या रुग्णात पुढच्या, म्हणजे एमईके नावाच्या कडीतच असा बदल सापडला होता. कधी पेशी वाढीसाठी दुसरीच साखळी वापरू लागते, तर कधी शेजारच्या निरोगी पेशींनी सोडलेली रसायनेच तिला जगवतात. काही पेशी तर काहीच न बदलता नुसत्या दडी मारून बसतात आणि वादळ ओसरण्याची वाट पाहतात. एकाच रुग्णाच्या दोन गाठींत दोन निराळे मार्ग सापडू शकतात, ही खरी अडचण आहे.

उपाय मद्रासच्या क्षयरोग केंद्राने वापरला तोच, जोडी लावण्याचा. बीआरएएफ आणि एमईके या दोन्ही कड्या एकदम बंद करणारी औषधे 2014 पासून एकत्र दिली जाऊ लागली. त्यामुळे रोग ताब्यात राहण्याचा काळ सरासरी अकरा महिन्यांच्या आसपास गेला आणि सुमारे एक तृतीयांश रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असल्याचे दिसून आले. शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशींना जागे करणारी औषधे आधी देऊन लक्ष्यवेधी गोळ्या नंतर दिल्यास आयुष्य अधिक वाढते, हेही 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

घरच्यांनी काय ध्यानात ठेवावे?

'मध्ये थोडे दिवस गोळ्या बंद ठेवल्या तर शरीराला विसावा मिळेल आणि औषधही अधिक काळ चालेल,' असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. उंदरांवरच्या प्रयोगांत तसे दिसलेही होते. पण माणसांवरील चाचणीचा निष्कर्ष 2020 मध्ये उलटा निघाला. ज्यांनी खंड पाडला त्यांचा रोग लवकर बळावला. म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत, एक दिवसाआड घेऊन पुरवू नयेत. खर्च झेपत नसेल किंवा ताप, पुरळ यांचा त्रास होत असेल तर तसे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. त्यांच्याजवळ काही ना काही तोड असते. औषध लागू पडेनासे झाले तर गाठीचा तुकडा पुन्हा तपासायची वेळ येऊ शकते. त्याला घाबरू नये. पेशीने कोणती वाट धरली हे त्यातून कळते.

भारतीयांत मेलॅनोमा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. त्यात बीआरएएफचा बिघाड तुलनेने कमी आढळतो, त्यामुळे या गोळ्या प्रत्येकाच्या उपयोगी पडत नाहीत. म्हणूनच रोग लवकर ओळखणे अधिक मोलाचे. तळपायावरचा वाढणारा काळा डाग, भरून न येणारी जखम किंवा एकाच नखावरची रुंदावत जाणारी काळी रेघ दिसली तर 'काटा लागला असेल', 'ठेच लागली असेल' म्हणून सोडून देऊ नये. असा प्रत्येक डाग कर्करोगाचा नसतो, सावळ्या लोकांत नखांवर रेघा सर्रास असतात. तरीही त्वचारोगतज्ज्ञाला एकदा दाखवावे. सुरुवातीलाच शस्त्रक्रियेने काढून टाकलेल्या गाठीला पळवाट शोधण्याची संधीच मिळत नाही. घरातल्या वृद्धांना आपले तळपाय नीट दिसत नाहीत. आंघोळीनंतर त्यांचे पाय पुसताना दोन मिनिटे निरखून पाहिले, तर त्यासाठी ना पैसा लागतो ना गोळी.