मराठी अक्षरांचे मीटरगेज

कार्यालयातील संगणक बदलला की त्यातील कागदपत्रेही परकी होतात, असा विचित्र अनुभव आज अनेक शाळा-महाविद्यालयांना येत आहे. 'विंडोज १०' या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि जुनी यंत्रे काढून नवी घेण्याची निकड वाढली. नवे यंत्र टेबलावर येते, जुन्या फायली त्यात उतरविल्या जातात. आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीची एखादी प्रश्नपत्रिका, सभेचे इतिवृत्त किंवा सेवाज्येष्ठता यादी उघडावी तर पडद्यावर मराठीचे एक अक्षर दिसत नाही. दिसतात ती रोमन अक्षरांची अर्थशून्य कडबोळी. लिपिक म्हणतो, फाइल खराब झाली. दुरुस्तीवाला म्हणतो, व्हायरस असेल. शेवटी ती सारी पाने नव्याने टंकलिखित करण्याचे काम कोणाच्या तरी गळ्यात पडते. वस्तुतः फाइल शाबूत असते आणि व्हायरसचाही काही संबंध नसतो. ती फाइल मुळात मराठी नव्हतीच. मराठी असल्याचा तिचा केवळ भास होता.

हे विधान चमत्कारिक वाटेल; पण ते अक्षरशः खरे आहे. संगणक अक्षरे साठवीत नाही, आकडे साठवितो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर म्हणावयाचे, हा संकेत आधी ठरलेला असावा लागतो. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये फार तर २५६ जागा असत आणि त्या मुळात रोमन लिपीसाठी नेमलेल्या होत्या. फॉन्ट बनविणाऱ्यांनी त्याच जागांवर देवनागरीचे तुकडे, म्हणजे काने, वेलांट्या, अर्धी अक्षरे, रफार, बसविले. 'कृतिदेव' या प्रसिद्ध फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द लिहिला, तर यंत्राच्या स्मृतीत ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच रोमन अक्षरेच जातात. फॉन्ट हजर असेपर्यंत ती मराठीचा मुखवटा घालून वावरतात. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मुखवटा गळून पडतो. त्यातही प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी असल्याने एकाच्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये वाचता येत नाही.

मार्ग होता, वाट धरली नाही

यावर उपाय सापडला नव्हता असे नाही. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण जाहीर केले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना प्रत्येक अक्षरामागे एक कायमचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीसाठी १२८ जागांचा विभाग राखला गेला. 'विंडोज २०००' या प्रणालीपासून युनिकोडमधील देवनागरी सामान्य संगणकावर उमटू लागली. मराठी विकिपीडिया २००३ साली युनिकोडमध्येच सुरू झाला. म्हणजे मार्ग खुला होऊन आता पाव शतक लोटले. तरीही जुन्या फॉन्टची राजवट पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. ती का, हा प्रश्न तंत्रज्ञानापेक्षा अर्थशास्त्राचा अधिक आहे.

या बाबतीत डी.टी.पी. करणाऱ्या कारागिरांना आणि मुद्रकांना दोष देण्याची प्रथा पडली आहे. ती अन्यायाची आहे. त्यांच्या हातातील 'पेजमेकर'सारख्या पृष्ठरचनेच्या साधनांना युनिकोडमधील देवनागरीची जोडाक्षरे जुळविता येत नव्हती. 'इनडिझाइन'मध्ये भारतीय लिप्यांची रीतसर सोय २०१२ च्या सुमारास झाली. ज्याचे पोट पानामागे मिळणाऱ्या पैशांवर चालते आणि ज्याची बोटे एका कळफलकाला सरावली आहेत, त्याने चालते साधन सोडून अडखळते साधन घ्यावे, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. त्याचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचाच होता. अडचण एवढीच की, प्रत्येकाचे हे सुटे शहाणपण एकत्र आले तेव्हा त्यातून सर्वांचे नुकसान झाले.

अर्थशास्त्राला हा प्रकार नवा नाही. टंकलेखन यंत्राच्या इंग्रजी कळफलकाचे उदाहरण घेऊन पॉल डेव्हिड यांनी १९८५ साली असे दाखविण्याचा प्रयत्न केला की, एकदा रूढ झालेली रचना केवळ रूढ झाली म्हणून टिकून राहते. पुढे त्यांच्या त्या उदाहरणावर आक्षेप घेतले गेले. परंतु आपल्याकडे या तत्त्वाचा पुरावा रुळांवरच पाहावयास मिळतो. आपला रुंदमापी रूळ १६७६ मिलिमीटरचा. काटकसरीच्या विचाराने १८७० च्या दशकात १००० मिलिमीटरचे मीटरमापी रूळ आले. ज्याने ते टाकले त्याची काटकसर झाली. पण मनमाडला, जेथे मुंबईकडची रुंदमापी आणि मराठवाड्याकडची मीटरमापी गाडी एकमेकींना भेटत, तेथे माल उतरवून पुन्हा चढविण्याची हमाली पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनीच भरली. देशभर एकच माप करण्याचा कार्यक्रम १९९२ साली हाती घेण्यात आला आणि त्याला मोठा काळ व मोठा पैसा लागला. मराठी अक्षरांचे नेमके हेच झाले आहे. आजही प्रत्येक कार्यालयात एक छोटे मनमाड आहे आणि तेथे हमाली करणारे आहेत शिक्षक व लिपिक.

हमालीचा हिशेब

ही हमाली केवळ पुन्हा टंकलेखन करण्याची नाही. मुखवट्याच्या मराठीत शब्द शोधता येत नाही. विद्यार्थ्यांची नावे अकारविल्हे लावावयास सांगितली तर यंत्र ती रोमन अक्षरांच्या क्रमाने लावते आणि हजेरीपटाचा विचका होतो. असा मजकूर पीडीएफ स्वरूपात ठेवला की तो डोळ्यांना सुबक दिसतो आणि सारे काही ठीक असल्याचा समज होतो. पण त्यातील एक ओळ उचलून दुसरीकडे ठेवली की पुन्हा तीच कडबोळी. सर्वांत मोठा अन्याय होतो तो दृष्टिहीन विद्यार्थ्यावर. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारे 'एन.व्ही.डी.ए.'सारखे साधन विनामूल्य मिळते व युनिकोडमधील मराठी ते वाचू शकते. परंतु जुन्या फॉन्टमधील टिपणे त्याच्यापुढे ठेवली, तर त्या विद्यार्थ्याच्या कानी निरर्थक रोमन अक्षरे पडतात. डोळस वर्गाने ज्या टिपणांवर परीक्षा दिली, ती त्याच्यापुरती अस्तित्वातच नसतात.

मग हाताशी असलेल्या फायलींचे काय करावे? येथे घाबरण्यापेक्षा निदान महत्त्वाचे. आणि पडद्यावर जे दिसते त्यावरूनच बरेचसे निदान होते. रोमन अक्षरांची कडबोळी दिसली तर मजकूर सुरक्षित आहे, केवळ फॉन्ट गैरहजर आहे. रिकाम्या चौकटी दिसल्या तर अक्षरे युनिकोडमध्ये असण्याचा संभव मोठा, पण निवडलेल्या फॉन्टमध्ये त्यांचे आकार नाहीत. 'नोटो देवनागरी'सारखा विनामूल्य फॉन्ट बसविला की काम भागते. स्वरचिन्हाबरोबर ठिपक्यांचे वर्तुळ दिसले तर चिन्हांचा क्रम चुकला आहे. सीएसव्ही प्रकारची नावांची यादी एक्सेलमध्ये उघडताच डोक्यावर खुणा असलेली युरोपीय अक्षरे पुनःपुन्हा दिसू लागली, तर यंत्राने संकेत चुकीचा धरला आहे. ती फाइल तशीच जतन न करता बंद करावी आणि 'डेटा' विभागातून, 'यूटीएफ-८' हा संकेत निवडून, पुन्हा आत घ्यावी. मात्र जेथे ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या झाल्या आहेत, तेथे मूळ अक्षरे जतन करतानाच गेली असण्याची शक्यता दाट. तेथे जुनी प्रत शोधणे हाच मार्ग. म्हणून पहिला नियम असा की, कोणताही प्रयोग मूळ फाइलवर करू नये, तिच्या प्रतीवर करावा.

जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी रूपांतराची साधने विनामूल्य मिळतात. काही संगणकावर बसविता येतात, काही इंटरनेटवर तशीच वापरता येतात. अट एवढीच की, मूळ फॉन्टचे नाव नेमके कळले पाहिजे. गोपनीय प्रश्नपत्रिका किंवा सेवापुस्तकातील मजकूर इंटरनेटवरील अनोळखी साधनाच्या स्वाधीन करू नये, हे सांगावयास नकोच. पेजमेकरच्या जुन्या फायली 'लिबरऑफिस' हा विनामूल्य संच काही प्रमाणात वाचतो. केवळ छापील प्रतच उरली असेल, तर 'टेसरॅक्ट'सारखे साधन छायाप्रतीतून मराठी मजकूर ओळखून देते. काही जुने कार्यक्रम १६ बिटांचे होते. विंडोज ११ केवळ ६४ बिटांच्या स्वरूपात येते व त्यावर ते मुळीच चालत नाहीत. अशा वेळी 'व्हर्च्युअलबॉक्स'मध्ये जुनी प्रणाली चालवून मजकूर बाहेर काढता येतो. पण त्यासाठी जुनी प्रणाली आणि तिचा परवाना हाती हवा. म्हणूनच जुने यंत्र भंगारात देण्याची घाई करू नये.

माणसाचे डोळे हवेतच

ही साधने उपयुक्त असली तरी रामबाण नव्हेत. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकित होत असे. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा आहे. रूपांतरात अक्षरे पुढेमागे सरकण्याची भीती येथेच असते. मराठीची खास खोच 'ऱ्य'मध्ये आहे. 'आचार्यास' म्हणजे गुरूला आणि 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्याला. हा फरक न जाणणारे साधन गुरूला थेट मुदपाकखान्यात पाठवील! 'ॲ' या अक्षरालाही युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्यापूर्वी ते निरनिराळ्या युक्त्यांनी लिहिले जाई आणि त्यामुळे आजही एकाच शब्दाचा शोध घेताना त्याची दुसरी लेखणी निसटून जाते. म्हणजे युनिकोड आला की सारे प्रश्न मिटले, असा भाबडा समज करून घेण्यात अर्थ नाही. तथापि हे दोष दुरुस्त करता येण्याजोगे आहेत, कारण नियम उघड आणि सर्वांसाठी एकच आहे. खाजगी मांडणीतील दोष मात्र त्या मांडणीच्या मालकाविना कोणाला दुरुस्त करता येत नाहीत.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. समान संकेत ही वजन-मापांसारखी सार्वजनिक वस्तू आहे. ती पाळण्याचा लाभ सर्वांना होतो आणि पहिला त्रास पाळणाऱ्या एकट्याला होतो. म्हणून ती केवळ सदिच्छेवर सोपवून भागत नाही. किराणा दुकानदाराने आपापले किलो ठरवावे, असे कोणी म्हणत नाही. मग सार्वजनिक पैशाने तयार होणाऱ्या मजकुराने आपापला संकेत का ठरवावा? विद्यापीठे, परीक्षा मंडळे, ग्रंथालये आणि अनुदान घेणाऱ्या सर्व संस्था यांनी छपाईचे वा टंकलेखनाचे काम देताना छापील प्रतीबरोबर युनिकोडमधील मजकुराची प्रत घेणे ही देयक मंजूर करण्याची अट करावी. देयक अडते तेथे सवयी लवकर बदलतात. दुसरे असे की, जुन्या फायलींचे रूपांतर हे रिकाम्या वेळेत उरकावयाचे काम न मानता त्यासाठी वेगळा निधी आणि तपासनीस नेमावा. मराठीच्या विद्यार्थ्यांना सुटीत हे काम मानधनावर देता येईल. शुद्धलेखनाचा याहून चांगला अभ्यास कोणता?

यावर असा आक्षेप येईल की, जुने मजकूर आहेत तसे राहू द्यावेत. ज्याला हवे तो शोधील. पण रुळांचे मापांतर पुढे ढकलता येते, फायलींचे ढकलता येत नाही. रूळ जागेवर राहतात. फायली मात्र यंत्र मोडले, फॉन्टची तबकडी हरवली, तो मजकूर ज्याने टंकित केला तो कर्मचारी निवृत्त झाला, की मुक्या होतात. दर वर्षी काही जुनी यंत्रे भंगारात जातात आणि त्यांच्याबरोबर कोणाची तरी टिपणे, कोणत्या तरी संस्थेचा इतिहास, एखाद्या गावच्या ग्रंथालयाची सूची कायमची निघून जाते. त्याची नोंदही कोठे होत नाही, कारण काय गेले हे वाचता येणारे कोणी उरलेले नसते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मान्य केला. त्या मागणीमागे शिलालेखांचा आणि प्राचीन ग्रंथांचा पुरावा उभा होता. दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेली अक्षरे आज अभ्यासकाला वाचता येतात. आणि पंधरा वर्षांपूर्वीची प्रश्नपत्रिका त्याच महाविद्यालयाला वाचता येत नाही! अभिजातपणाचा गौरव सभा-समारंभांतून जरूर व्हावा. परंतु कपाटातील जुने यंत्र अजून सुरू होते आहे तोवर त्यातील मराठी बाहेर काढणे, हे काम त्याहून निकडीचे आहे. आणि त्याला समारंभासारखा मुहूर्त पाहण्याची सवड नाही.