पांघरूण

सातपुड्यावरून उतरणारी डिसेंबरची थंडी काय असते, ते शहादेकरांना सांगायला नको. चार वर्षांपूर्वी अशाच एका रात्री माझा थोरला भाऊ घराच्या ओट्यावर पडला होता. एक चप्पल पायात, दुसरी गटारीपाशी. वहिनी आतून गोधडी घेऊन आली, त्याच्या अंगावर टाकली, कडा नीट खोचल्या. तेवढ्यात शेजारच्या घरात दिवा लागला. तिनं पटकन ओट्यावरचा बल्ब बंद केला. पहाटे आम्ही दोघींनी त्याला धरून आत नेलं, आणि नऊ वाजता मी त्याच्या शेठना फोन केला, "दादाला ताप आहे, आज नाही यायचा."

दादा पपईच्या एका व्यापाऱ्याकडे तोलाईला आणि हिशेबाला होता. त्या एका हंगामात मी त्याला सात वेळा ताप आणला.

गोधडी हे पांघरूण होतं, तसा माझा फोनही पांघरूणच होता. पहिल्यानं माणूस थंडीतून वाचला, दुसऱ्यानं त्याची दारू वाचली. हा फरक कळायला आमच्या घराला फार वर्षं लागली. दादाला विचारून, त्याच्या होकारानं आज हे लिहिते आहे.

पिणारा माणूस एक असतो, पण त्याच्या पिण्याभोवती सगळं घर फिरायला लागतं. वहिनी त्याच्या खिशातल्या नोटा मोजायची. कपाटामागे चपटी सापडली की किती उरली आहे ते बघून ठेवायची. आईनं सारंगखेड्याच्या दत्ताला नवस बोलला. दादानं गळ्यात माळ घातली, प्रकाशाला तापीत उभं राहून शपथ घेतली. माळ अकरा दिवस टिकली. तेव्हा दहा वर्षांची असलेली माझी भाची मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की वह्या दप्तरात भरायची, बापासाठी तांब्या भरून ठेवायची आणि आजीच्या पाठीमागे जाऊन झोपल्याचं सोंग घ्यायची. आवाजावरून तिला कळायचं, आज किती झाली आहे ते. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं.

मग कोणीतरी आईला एक पुडी आणून दिली. "चहातून द्या, त्याला कळू देऊ नका, महिन्यात सुटेल." आईनं दिली. दोन दिवसांनी दादा पिऊन आला आणि तासाभरात लालबुंद झाला, ओकायला लागला, छाती धडधडू लागली, घामानं अंग थंड पडलं. दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. डॉक्टर म्हणाले की पुडीत काय होतं ते सांगता येणार नाही, पण डायसल्फिराम नावाचं औषध पोटात असताना दारू घेतली तर असंच होतं. ते औषध खरं आहे, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं, तपासण्या करून द्यायचं असतं. चोरून दिलं तर जीव जाऊ शकतो. आई त्यानंतर कितीतरी दिवस चहा करायला धजली नाही.

त्याच डॉक्टरांनी बीपीचा पट्टा दादाच्या दंडावरून सोडला आणि वहिनीच्या दंडाला बांधला. 170 वर 110 निघालं. वहिनीचं वय तेव्हा 36. "यांच्यावर उपचार करूच," डॉक्टर म्हणाले, "पण वहिनी, तुमच्यावर आजपासून सुरू करायचे." इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकानंही तिला विचारलं नव्हतं, तू जेवलीस का, तुला झोप लागते का. आम्ही विचारायचो ते एवढंच, "आज घेऊन आला का?"

व्यसन हा आजार आहे. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून येणाऱ्या अवस्था मानसिक आजारांत धरल्या आहेत. तरी घरोघरी अजून तो 'चाली'चा प्रश्न मानला जातो. केंद्र सरकारसाठी एम्सच्या तज्ज्ञांनी केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात दारू पिणारे सुमारे 16 कोटी निघाले. त्यांतल्या 5 कोटी 70 लाखांना मदतीची गरज आहे. पण दारूच्या आहारी गेलेल्या दर 38 जणांत कसलाही उपचार मिळालेला एकच. उरलेले 37 कुठे आहेत? ते घरात आहेत, कुणाच्या तरी वहिनीच्या, आईच्या, लेकीच्या जिवावर.

आणि ते ओझं वाहणं म्हणजेच सद्गुण, असं आपल्याला शिकवलं गेलं आहे. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' 1919 साली रंगभूमीवर आलं. बालगंधर्वांची सिंधू पाहून महाराष्ट्र रडला. नवऱ्याच्या दारूपायी सगळं गमावूनही त्याच्याबद्दल वाकडा शब्द न काढणारी सिंधू आपण मनात देव्हाऱ्यात बसवली. गडकऱ्यांना दारूची भीषणता दाखवायची होती. आपण मात्र त्यातून बायकोनं झिजत जायचं एवढंच उचललं.

याहून वेगळी वाट शोधायला शहाद्याला लांब बघायचं कारण नाही. आपल्याच मातीत दुसरं उदाहरण आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, दुष्काळाच्या दिवसांत, अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या कार्यकर्त्यांबरोबर इथले भिल आदिवासी शेतमजूर जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उभे राहिले. त्या चळवळीत बायका पुढे होत्या. त्या एकत्र बसू लागल्या तेव्हा मजुरीच्या बोलण्यातून घरातलं बोलणं निघालं : नवरा पितो, मारतो. एकीनं सांगितलं, दुसरी म्हणाली माझ्याही घरी तेच. मग त्या टोळीनं गावोगावच्या गुत्त्यांवर गेल्या, दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्याला चारचौघांत माफी मागायला लावली. भारतातल्या स्त्री-चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी शहाद्याची ही नोंद आवर्जून केली आहे.

मडकी फोडून प्रत्येकाची दारू सुटली असं मी म्हणणार नाही. पण त्या बायकांनी एक गोष्ट केली, ती आजही उपचाराच्या पहिल्या पायरीला लागते. त्यांनी घरातली गोष्ट घराबाहेर काढली. लाज पिणाऱ्याची आणि मारणाऱ्याची, आपली नाही, हे त्या एकमेकींकडून शिकल्या. आम्ही शिकल्या-सवरल्या घरातल्या बायका मात्र ओट्यावरचा बल्ब बंद करत बसलो होतो.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं 1986 च्या ऑगस्टमध्ये मुक्तांगण सुरू केलं. तिथं रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो. पत्नी तिथं नवऱ्याला सुधारायला येत नाही, आपलं मन मोकळं करायला आणि स्वतःला सावरायला येते. परदेशात 1951 पासून चालणाऱ्या आणि आज आपल्याकडेही असलेल्या अल-अ‍ॅनॉन या नातेवाइकांच्या गटांचं मूळही तेच. वहिनीला दादाच्या उपचार केंद्रात अशी बैठक मिळाली. पहिल्या दिवशी ती काही बोलली नाही. परत येताना एसटीत मला म्हणाली, "ताई, तिथं एक जण सांगत होती, ती पण खिसे तपासते. मला वाटायचं, मी एकटीच वेडी झालेय."

तिथून आमच्या घरानं काही गोष्टी ठरवल्या. शेठना खोटं सांगायचं नाही. दारूसाठी झालेली उधारी आईच्या पेन्शनमधून फेडायची नाही. तो पिऊन आला असताना वाद घालायचा नाही, बोलायचं ते सकाळी, शुद्धीत, शांतपणे. उपचाराला निघाला तर त्याच दिवशी सोबत जायचं. धमकी द्यायची ती पाळता येईल एवढीच. वहिनीनं ब्लाउज शिवायची कामं परत घ्यायला सुरुवात केली, रोज संध्याकाळी भाचीला घेऊन चालायला जायला लागली. पहिल्या आठवड्यात गल्लीतली एक बाई म्हणाली, "नवरा असा आणि ही फिरायला!" वहिनी दुसऱ्या दिवशीही गेली. भाचीला आम्ही समोर बसवून सांगितलं, बाबांना आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि बरा करणं हे तुझं काम नाही. त्या रात्री ती सोंग न घेता झोपली.

दोन गोष्टी मात्र प्रत्येक घरानं पक्क्या लक्षात ठेवाव्यात. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला कोंडून घालून त्याची दारू एकदम तोडू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, फिट येते, आणि ते जिवावर बेतू शकतं. दारू सोडणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. दुसरी गोष्ट, मारहाण हा आजाराचा भाग म्हणून सोसायची नसते. हात उचलला तर मुलं घेऊन आधी सुरक्षित जागी जा. 112 वर पोलीस आहेत, 181 वर महिला हेल्पलाइन आहे, 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तुमच्या बाजूनं आहे.

दादा पहिल्या उपचारानंतर पाच महिन्यांनी पुन्हा प्यायला. पूर्वी असं झालं असतं तर घर कोसळलं असतं. या वेळी वहिनीनं डॉक्टरांना फोन केला, त्याची पिशवी भरली आणि रात्रीचा स्वयंपाक नेहमीसारखा केला. आज त्याला न पिता चौदा महिने झाले आहेत. उद्याचं मी सांगू शकत नाही, तोही सांगत नाही. वहिनीचं बीपी मात्र गोळीनं आटोक्यात आहे आणि ओट्यावरचा बल्ब रात्रभर सुरू असतो.

हे वाचणाऱ्या कितीजणी आज रात्री मोटारसायकलच्या आवाजाकडे कान लावून बसतील, याचा मला अंदाज आहे. तुमच्या माणसावर माया करू नका असं मी सांगणार नाही. तो थंडीत पडला असेल तर गोधडी जरूर घाला. पण त्याच्या दारूवर पांघरूण घालू नका, आणि स्वतः उघड्यावर कुडकुडत बसू नका. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मनाच्या आधारासाठी 14416 हे सरकारी क्रमांक आहेत. तिथं फोन पिणाऱ्यानंच करावा लागतो असं नाही, तुम्हीही करू शकता. आणि तोही जमत नसेल, तर निदान आज एका विश्वासाच्या माणसाला खरं काय ते सांगा.