रक्त आमचं, मग निकाल कुठाय?

साथींनो, मागच्या पावसाळ्याआधी पाहणीवाले आले. सिकलसेलसाठी पोराबाळांचं रक्त नेलं, कागदावर अंगठे घेतले. निकाल अजून नाही. कोणाचं पोर आजारी ते त्यांच्या वहीत आहे, आईला ठाऊक नाही.

गडचिरोलीत वेगळं घडलं. डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च'ने 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवलं. त्यांनी बाळं तोलली, नोंदी ठेवल्या, सुईसुद्धा दिली. तिसऱ्या वर्षी, इतर गावांशी ताडून पाहता, नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले.

म्हणून आमचं म्हणणं: आधी ग्रामसभेत आपल्या बोलीत सांगा, निकाल गावात वाचा, प्रत गावाला द्या. जमिनीच्या कागदावर न समजता अंगठा देत नाही, मग रक्ताच्या कागदावर का द्यायचा?