'कलिंग' म्हणजे नक्की काय काढायचं?

कुक्कुटपालनाच्या घडीपत्रिकेत, शेळीपालनाच्या प्रशिक्षणात आणि बर्ड फ्लूच्या बातम्यांत 'कलिंग' हा एकच इंग्रजी शब्द वापरला जातो. पहिल्यांदा कानावर पडला की कुणालाही कलिंगडाची लागवड आठवावी असाच तो शब्द आहे. हसण्यावारी नेण्यासारखा मात्र तो नाही, कारण या एका शब्दात दोन अगदी वेगळी कामं कोंबली गेली आहेत आणि त्यांची गल्लत झाली की नुकसान आपलं होतं.

आधी शब्दाचं मूळ बघू. इंग्रजीतला 'कल' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून. लॅटिन मूळ शब्द 'कोलिगेरे', म्हणजे वेचून गोळा करणे. फ्रेंच लोक आजही फुलं-फळं खुडायला त्याच कुळातला शब्द वापरतात. गंमत अशी की ज्या मुळापासून 'कल' निघाला त्याच मुळापासून 'कलेक्ट' निघाला, म्हणजे आपल्या कलेक्टर साहेबांचा हुद्दा आणि कलिंग हे भाऊबंद झाले. 'सिलेक्शन' आणि 'इलेक्शन' हे शब्दही त्याच भावकीतले!

तर मुळात या शब्दात मारणं-बिरणं काही नव्हतं. चांगलं ते वेचून घेणं, एवढाच अर्थ. पुढे चांगलं वेचल्यावर जे बाजूला पडतं त्यावर भर आला आणि कळपातलं कमअस्सल जनावर बाजूला काढणं म्हणजे कलिंग, असं झालं. हे आपल्याला नवीन वाटायचं कारण नाही. आपल्या 'निवडणे' या शब्दाचंही तेच आहे. सरपंच निवडतो तेव्हा हवा तो माणूस घेतो. घरी तांदूळ निवडतात तेव्हा नको ते खडे काढतात. म्हणून माझं मत असं, की गोठ्यातल्या आणि खुराड्यातल्या कलिंगला सरळ 'निवड' म्हणावं. शब्द घरचा आहे, आणि त्यात जनावराकडे बघून, हात लावून ठरवायचं असतं हेही आलं.

बर्ड फ्लूमध्ये जे होतं ती निवड नव्हे. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा ठरवून दिलेल्या परिघातले पक्षी सरसकट मारून पुरले गेले. 2021 मध्ये नवापूरवर तीच वेळ पुन्हा आली. तिथे तुमची कोंबडी चांगली की वाईट हे कुणी बघत नाही, बघूही नये. रोग थांबवायचा तर परिघातली सगळीच जातात. याला 'सरसकट नष्ट करणे' असंच म्हणावं. ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की दवंडी देताना, फलकावर लिहिताना 'कलिंग होणार' असं मोघम लिहू नका. मागच्याच महिन्यात प्रशिक्षणात 'कलिंग करा' असं ऐकलेला माणूस चार मरतुकड्या कोंबड्या काढून ठेवील आणि बाकीच्या पाहुण्यांकडे पाठवून देईल. रोग दुसऱ्या गावात जाईल तो असा. शिवाय भरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. रोगाने आधीच मेलेल्यांची मिळत नाही. तेव्हा मर दिसली की त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. लपवून पैसे वाचत नाहीत, जातात.

आता खरी निवड. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाद्य खाते. अंडं न देणाऱ्या दहा कोंबड्या सांभाळल्या तर महिन्याला 33 किलो खाद्य फुकट गेलं; आपल्या गावच्या भावाने गुणून बघा. ओळखायची कशी? अंड्यावरच्या कोंबडीचा तुरा मोठा, लालभडक, हाताला मऊ लागतो. बंद झालेलीचा सुकलेला, फिकट. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना टोकदार हाडं असतात, त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज बसली तर ती देती आहे. एकच बोट कसंबसं बसलं तर समजून जा. पिवळ्या कातडीच्या जातीत चोच आणि पाय फिके पडलेले असतील तर ती कोंबडी भरपूर अंडी देऊन गेलेली असते. दिसायला ती राठ, पिसं मोडलेली असते आणि आपण नेमकी तीच विकतो! तुकतुकीत, पिवळ्याधमक पायांची ठेवतो, जी नुसती खाते. इंग्रजी पुस्तकं खुडूक कोंबडीलाही काढायला सांगतात. ते मोठ्या फार्मसाठी ठीक. परसातल्या देशी कोंबडीचं खुडूक बसणं हेच आपलं अंडी उबवायचं यंत्र, तिला हात लावू नका.

शेळ्यांमध्ये तर आपण चक्क उलटी निवड करतो, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकतं. कळपातला सगळ्यात उमदा बोकड सणाला चांगला भाव येतो म्हणून बाजारात जातो. उरतो तो खुरटलेला, ज्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. पुढच्या वर्षीची सगळी करडं त्याची. असं चार-पाच वर्षं चाललं की 'आमच्या शेळ्यांची जातच बसली' असं म्हणायचं. उस्मानाबादी शेळी जुळ्यांसाठी नावाजलेली आहे. पण एका करडाच्या शेळ्या ठेवत आणि जुळी देणाऱ्या विकत गेलो तर नाव तरी किती दिवस टिकणार? जुळ्यातला, वेगाने वाढलेला एक बोकड पैदाशीला राखा आणि दोन वर्षांनी बदला, म्हणजे बापाशी लेकींचा संकर होणार नाही.

गाईंबाबत पुस्तकी सल्ला इथे तसाच्या तसा चालत नाही. आपल्या राज्यात 1976 च्या कायद्याने गाईची आणि मार्च 2015 पासून बैल-वळूंचीही कत्तल बंद आहे. त्यामुळे भाकड गाय काढायची कुठे, याला पुस्तकात उत्तर नाही आणि खरं सांगायचं तर कार्यालयातही नाही. म्हणून इथे निवड गोठ्यात जनावर यायच्या आधी करावी लागते. विकत घेताना चारही सडांची धार स्वतः काढून बघा, दगडी होऊन गेलेली कास हाताला लागते. वारंवार उलटणाऱ्या गाईला भाकड ठरवण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या, खनिज मिश्रण सुरू करा. कालवड ठेवायची ती आईच्या दुधाची नोंद बघून. नोंदच नसेल तर निवड कशाच्या आधारावर करणार?

बीजोत्पादन प्लॉटवाल्यांसाठी इंग्रजीत वेगळा शब्द आहे, 'रोगिंग'. त्याचा आपल्या रोगाशी संबंध नाही. इंग्रजीत 'रोग' म्हणजे लबाड, लुच्चा. आपण त्याला भेसळ काढणं म्हणतो. ज्वारीत ही लबाड झाडं फुलोऱ्यापूर्वी काढायची. एकदा पराग उडाला की मग उपटून उपयोग नाही. आणि उपटायचीच, नुसतं कणीस छाटलं तर बुडातून फुटवे येतात आणि तपासणीच्या दिवशी तेच साहेबांपुढे उभे राहतात.

कोंबड्यांची निवड मात्र रात्री करा. अंधारात त्या बिथरत नाहीत, बॅटरीच्या उजेडात एकेक उचलून शांतपणे बघता येते.