पेशीला ब्रीफ नीट द्या!

ऑफिसच्या पँट्रीतला फ्रिज उघडून बघा. कुणाच्या तरी डब्याशेजारी, परवाच्या पिझ्झ्याच्या मागे, इन्सुलिनचं एखादं पेन किंवा व्हायल सापडायची बरीच शक्यता आहे. आयसीएमआरच्या २०२३ सालच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे. त्यातले काही आपल्याच क्युबिकलच्या रांगेत असणार, हे ओघानं आलंच.

त्या औषधाच्या बॉक्सवर बऱ्याचदा लिहिलेलं असतं, ‘ह्यूमन इन्सुलिन’ आणि लगेच बारीक अक्षरांत ‘आर-डीएनए ओरिजिन’. ह्यूमन म्हणजे ते कुणा माणसाच्या शरीरातून काढलेलं नाही. रेसिपी माणसाची, पण बनवलंय जिवाणूनं किंवा यीस्टनं. आउटसोर्सिंगच म्हणा ना! आणि काम बाहेर दिलं की सगळा खेळ ब्रीफवर असतो, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको. पेशीला द्यायच्या या ब्रीफला म्हणतात एक्स्प्रेशन व्हेक्टर.

आपल्याला वाटतं, माणसाचं जनुक उचललं, जिवाणूत टाकलं, काम फत्ते. छे! नुसतं जनुक म्हणजे सब्जेक्ट लाइन नसलेली अ‍ॅटॅचमेंट. ती कुणी उघडतच नाही.

१९७६च्या जानेवारीत रॉबर्ट स्वान्सन नावाचा एक अठ्ठावीस वर्षांचा तरुण, हातात नोकरी नसताना, सॅन फ्रान्सिस्कोत हर्बर्ट बॉयर या प्रोफेसरांना भेटायला गेला. प्रोफेसरांनी वीस मिनिटं दिली होती. गप्पा बारमध्ये बिअरवर तीनेक तास चालल्या आणि त्यातून जेनेन्टेक ही कंपनी निघाली. (त्या बिअरचा पुतळा आज कंपनीच्या आवारात आहे. आपल्याकडच्या कटिंगवर कितीतरी कंपन्या सुरू झाल्या असतील, पुतळा एकाही कपाचा नाही.)

टार्गेट होतं इन्सुलिन. तेव्हा ते डुकरं आणि गाईंच्या स्वादुपिंडातून काढायचे. साधारण दोन टन ग्रंथींमधून जेमतेम पाव किलो. पेशंट वाढत चाललेले, आणि पुरवठा मात्र कत्तलखान्यावर अवलंबून. टाइप वन डायबेटिसच्या मुलाला तर इन्सुलिनशिवाय दुसरा इलाजच नसतो. पण आधी सराव म्हणून टीमनं एक छोटं हार्मोन घेतलं, सोमॅटोस्टॅटिन. फक्त चौदा अमिनो आम्लांचं. छोटं म्हणजे सोपं, असा हिशेब.

व्हेक्टर म्हणजे डीएनएचं छोटंसं वर्तुळ, प्लास्मिड. त्यांनी वापरलेल्या प्लास्मिडचं नाव पीबीआर-३२२. त्यात स्वतःच्या कॉप्या काढायची सोय होती, आणि अँटिबायोटिकला पुरून उरणारं जनुकही. हे कशाला? तर पेशीसाठी प्लास्मिड म्हणजे एक्स्ट्रा वर्क. संधी मिळाली की ती ते टाकून देते. मग टाकीत अँटिबायोटिक घालायचं. ज्यानं ब्रीफ फेकलं, तो मेला. (काही बॉसेसना ही आयडिया फार आवडेल.)

जनुक त्यांनी माणसातून काढलंच नाही. लॉस एंजेलिसजवळच्या ‘सिटी ऑफ होप’मध्ये केइची इटाकुरा यांच्या गटानं ते रसायनांपासून बनवलं. फायदा असा, की शब्द आपण निवडायचे. एकाच अमिनो आम्लासाठी डीएनएत अनेक शब्द म्हणजे कोडॉन असतात. पुण्यात पेरू म्हणा, नागपुरात जाम म्हणा, फळ तेच. पण ई. कोलाय जिवाणूला त्यातले ठरावीकच शब्द सवयीचे. अनोळखी शब्द जास्त झाले की तो अडखळतो. म्हणून त्याच्या बोलीत लिहिलं. पुढे लावला जिवाणूचाच प्रमोटर, म्हणजे ‘इथून वाचायला घ्या’ सांगणारा स्विच.

सगळं जागच्या जागी. आणि पहिल्या टेस्टमध्ये हाती काय लागलं? काहीच नाही!

माझ्या मते सगळ्या स्टोरीतला सगळ्यात भारी भाग हाच आहे. ब्रीफमध्ये चूक नव्हती. पेशीनं ते वाचलंही असावं. पण इतका चिमुकला, परका तुकडा दिसला की जिवाणू त्याला कचरा समजतो आणि खाऊन टाकतो. मग त्यांनी काय केलं, तर सोमॅटोस्टॅटिनला जिवाणूच्याच एका अगडबंब प्रोटीनच्या शेपटीला बांधलं. हजारभर अमिनो आम्लांच्या बीटा-गॅलॅक्टोसायडेजला. जिवाणूला वाटलं, हा तर आपलाच माणूस. सांध्यावर एक मेथिओनिन ठेवलं होतं, कारण सायनोजेन ब्रोमाइड हे रसायन नेमकं मेथिओनिनपाशी कापतं. आणि सोमॅटोस्टॅटिनमध्ये स्वतःमध्ये एकही मेथिओनिन नाही! म्हणजे कापलं की माल अख्खा बाहेर. १९७७च्या ऑगस्टमध्ये हे जमलं. पूर्वी ५ मिलिग्रॅमसाठी सुमारे पाच लाख मेंढ्यांचे मेंदू लागायचे, आता दोन गॅलन जिवाणूंच्या रश्शात काम भागलं.

इन्सुलिनमध्येही मेथिओनिन नाही, म्हणून हीच युक्ती तिथे चालली. २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या वेगवेगळ्या जिवाणूंकडून करून घेतल्या आणि नंतर जोडल्या. ऑगस्ट १९७८. हे करणारा डेव्हिड गोडेल तेव्हा विशीतच होता आणि ‘क्लोन ऑर डाय’ लिहिलेला टी-शर्ट घालून फिरायचा. १९८२च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ‘ह्यूम्युलिन’ला परवानगी मिळाली. आर-डीएनएनं बनलेलं ते पहिलं औषध.

आपल्याकडे ब्रीफ वेगळं लिहिलं गेलं. औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) वोखार्टनं २००३मध्ये ‘वोसुलिन’ आणलं, यीस्टकडून करून घेतलेलं. पुढच्याच वर्षी बेंगळुरूच्या बायोकॉननं ‘इन्सुजेन’ आणलं, तेही पिकिया नावाच्या यीस्टमधून. पिकियासाठी व्हेक्टर लिहिताना दोन गमती करता येतात. एक, प्रोटीनच्या पुढे असा पत्ता जोडायचा, की यीस्ट ते स्वतःच बाहेर टाकतं. पेशी फोडायची भानगड कमी. दुसरी, मिथेनॉलवर चालणारा स्विच. आधी यीस्टला ग्लिसरॉल खाऊ घालून टाकी भरेपर्यंत वाढू द्यायचं. तोवर प्रोटीनचं काम बंद, कारण दोन्ही कामं एकदम लादली की वाढ मंदावते. टाकी भरली की ग्लिसरॉल बंद, मिथेनॉल चालू, आणि सगळी फौज एकदम कामाला.

प्रत्येक प्रोटीन मात्र यीस्टला झेपत नाही. कॅन्सरवरच्या बऱ्याच अँटिबॉडीजवर साखरेची एक विशिष्ट नक्षी लागते, ती माणसासारखी जमण्यासाठी चायनीज हॅमस्टरच्या पेशी वापरतात. त्या पेशी यीस्टपेक्षा कितीतरी सावकाश वाढतात, खर्चही जास्त, आणि तिथे प्रमोटरपासून सगळं ब्रीफ परत पहिल्यापासून लिहावं लागतं.