जुना कॅमेरा विकण्यापूर्वी

आपल्या हिंगोली जिल्ह्यातील कष्टकऱ्याला लिलाव म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. दारात आलेल्या एकट्या व्यापाऱ्याला हळद दिली, तर तो म्हणेल तो भाव. तीच हळद संत नामदेव मार्केट यार्डात नेली, चार जणांनी बोली लावली, की खरा भाव कळतो. जुन्या कॅमेऱ्यांच्या बाबतीतही असेच घडले आहे.

पूर्वी एखादा फोटो स्टुडिओ बंद पडला की त्यातला कॅमेरा भंगारवाल्याच्या तराजूत जाई. १९९५ साली अमेरिकेत ईबे सुरू झाले आणि ठिकठिकाणचे शौकीन घरबसल्या एकाच वस्तूवर बोली लावू लागले. जी वस्तू खरोखर दुर्मिळ, तिचे भाव चढले. जून २०२२ मध्ये जर्मनीतील लिलावात लायका कंपनीचा शंभरएक वर्षांपूर्वीचा कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरोंना गेला!

हे वाचून कोणी हुरळून जाऊ नये. लिलावाची दुसरी बाजूही आहे. आपल्याकडे अनेक घरांत असलेला आग्फा क्लिक थ्री भरपूर तयार झाला होता. एकच वस्तू ढिगाने बाजारात आली की तिचा भाव उतरतो. ‘जुने म्हणजे मौल्यवान’ हा समज लिलावानेच खोटा ठरविला.

तथागतांनी कालामांना सांगितले की, ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, पारखून घ्या. तेच इथेही करावे. मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. प्रत्यक्ष विक्री कितीला झाली ते पाहावे. ईबेचा भारतातील बाजार २०१८ मध्ये बंद झाला, पण परदेशातील झालेल्या विक्रीचे भाव घरातील शिकलेली मुले मोबाईलवर काढून देऊ शकतात. भिंगावर बुरशी आहे काय, शटर चालते काय, हेही तपासावे. त्यावर किंमत निम्म्याहून खाली येऊ शकते. आणि पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. जो पिन मागेल तो ठकच समजावा.

शेवटी एक विनंती. कॅमेरा विका, पण आत रोल आहे का ते आधी स्टुडिओवाल्याकडून पाहून घ्या. निगेटिव्हची पाकिटे तर कोणालाही देऊ नका. जयंतीची मिरवणूक, गावच्या विहाराची पायाभरणी, १४ जानेवारी १९९४ च्या नामांतराचा आनंद त्यांत असेल. आपला इतिहास दुसऱ्यांनी फारसा टिपला नाही. त्याची बोली आम्हाला तरी लावता येत नाही.