लेकरांना समुद्र किती वेळ दाखवायचा?



सातवीच्या भूगोलात ‘भरती-ओहोटी’ हा धडा आहे. मी तो बारा वर्षं शिकवला. फळ्यावर पृथ्वी काढली, चंद्र काढला, बाण दाखवले, प्रश्नोत्तरं लिहून घेतली. आणि या बारा वर्षांत मी स्वतः ओहोटी एकदाही नीट बघितली नव्हती, हे आज कबूल करतो. समुद्र बघितला होता. शाळेच्या सहलीत, चाळीस मिनिटं. त्यातली वीस मिनिटं पोरं मोजण्यात गेली.

आपण परभणीकर. आपल्या लेकरांनी बघितलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे येलदरीचं धरण, नाहीतर गंगाखेडला पावसाळ्यातली गोदावरी. ते पाणी चढतं किंवा आटतं. दिवसातून दोनदा येऊन दोनदा परत जाणारं पाणी त्यांना चित्रावरून कळत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मुलांना समुद्रावर न्यायचं असेल तर एकाच लहान, शांत बेटावर न्या आणि तिथं मुक्काम करा.

दोन वर्षं पैसे साठवून आम्ही मागच्या दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला गेलो. रात्रीच्या गाडीनं हैदराबाद, तिथून विमान, पुढं बोट. सहलवाल्याच्या कागदावर सहा दिवसांत अकरा ठिकाणं होती आणि शहीद द्वीपला अडीच तास दिले होते. मी म्हणालो, तिथं तीन रात्री पाहिजेत. तो म्हणाला, “सर, तिथं लेकरं कंटाळतील, काहीच नाही तिथं.” तेच तर पाहिजे होतं!

शहीद द्वीप म्हणजे पूर्वीचं नील बेट. जेमतेम चौदा चौरस किलोमीटरचं. नेताजींनी १९४३ मध्ये अंदमानला ‘शहीद’ आणि निकोबारला ‘स्वराज’ ही नावं दिली होती, त्याची आठवण म्हणून २०१८ मध्ये नील आणि हॅवलॉक बेटांची नावं बदलली. पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबं इथं वसवली गेली. ती भाजीपाला पिकवतात, सुपारी-नारळ लावतात. किनाऱ्यांची नावं लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर. माझ्या आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “मग रामाचं कुठाय?” तेही आहे, रामनगर.

पहिल्या दुपारी पोरं खरंच कंटाळली. “पप्पा, आता काय?” असं धाकट्यानं चार वेळा विचारलं. मी काही सुचवलं नाही. संध्याकाळी पाच वाजता सूर्य बुडाला तेव्हा मोठी चमकली. आपल्याकडं पाचला तर शाळा सुटते! परभणी सुमारे ७७ अंश रेखांशावर, हे बेट ९३ वर. सोळा अंश, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे चौसष्ट मिनिटं. तिनं वाळूत गुणाकार केला. घड्याळ मात्र दोन्हीकडं एकच, हे तिला अन्यायाचं वाटलं. (मला वाटतं तिथल्या लोकांनाही वाटत असेल.)

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर गेलो. तिथं प्रवाळखडकाची नैसर्गिक कमान आहे. पाणी इतकं मागं गेलं होतं की खडकांतल्या डबक्यांत मासे, खेकडे, समुद्रकाकडी सगळं उघडं पडलं होतं. दोन तास पोरं उकिडवी बसून बघत राहिली. दुपारी साडेबाराला तिथंच आलो तर ती डबकी गायब. धाकटा घाबरला. “मासे गेले कुठं?” त्यानंतर त्याला काम मिळालं. पाण्याच्या कडेला काडी रोवायची, अर्ध्या तासानं बघायचं. तिसऱ्या दिवशी त्यानंच सांगितलं की पाणी कालच्यापेक्षा उशिरा ओसरतंय, पाऊण तास तरी. पुस्तकात पन्नास मिनिटं लिहिलंय. बारा वर्षं शिकवणाऱ्या माणसाला ते सात वर्षांच्या पोरानं दाखवलं.

शंख-प्रवाळ मात्र आणू नका. प्रवाळाला कायद्याचं संरक्षण आहे, विमानतळावर सामान तपासतात. आमच्या मोठीनं खिशातला तुकडा रडत रडत परत ठेवला. आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा, हवा बिघडली की बोट रद्द होते.

आता तुम्ही म्हणाल, सर, तुम्हाला पगार आहे. आमच्या सोयाबीनला भाव नाही, आम्ही लेकरांना विमानात कुठून बसवावं? बरोबर आहे. माझ्या वर्गातलं एकही पोर तिथं जाणार नाही, हे मला माहीत आहे. पण अलिबागचा कुलाबा किल्ला आहे ना! कान्होजी आंग्र्यांचं ठाणं. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला होडी लागते. परभणीहून रेल्वेनं मुंबई, पुढं अलिबाग. सहलीचे तेच तीन दिवस एकाच ठिकाणी घालवायचे, एवढंच.

मुख्याध्यापकांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. त्यानंतर कोण सही करेल? पण मला उलट वाटतं. पळत येऊन पळत जाणाऱ्या सहलीत पाणी चढतंय की उतरतंय हे मुलांना माहीत नसतं, आणि खरं सांगा, आपल्याला तरी असतं का? पहिला अर्धा दिवस पाण्याला पाय न लावता नुसतं बघायचं, मग कोळी बांधवांना विचारून, त्यांच्या सोबतीनं उतरायचं. हे मुक्काम असेल तरच जमतं.

कोकणात एक हिशेब चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढं. ओहोटी त्याच्या सहा तास इकडं-तिकडं. यात चूक होते, म्हणून जायच्या दिवशी तिथल्या माणसांना विचारायचंच. पण तिथी तर आपल्या घरात भिंतीवर टांगलेली असते!

जानेवारीच्या सहलीचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीपुढं ठेवलाय. दोन पालक हो म्हणालेत, एक आजी ठाम नाही म्हणाल्यात. तोवर वर्गात फळ्यावर दिनांक आणि सुविचाराच्या खाली आणखी एक ओळ असते. काल पाळी असलेल्या मुलीनं लिहिलं होतं: आज षष्ठी, अलिबागला भरती साडेचारला.